हललं की चौकट

आमच्या देवपूरच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत, स्क्रीनसमोर बसलं की आपोआप साठतात. आम्ही वाइड अँगल कॅमेरे बसवतो. एकाच कॅमेऱ्यात अख्खं आवार मावतं, फक्त भिंती वाकतात. त्या वाकड्या जगात काही हललं, की सॉफ्टवेअर त्याच्याभोवती हिरवी चौकट काढतं. दुपारी तर डोळे उघडे ठेवून स्वप्न बघितल्यासारखं वाटतं.

*

पारोळ्याच्या एका जिनिंगमध्ये अलार्म थांबेचना. कापूस हवेत तरंगत होता आणि प्रत्येक पुंजक्याला वेगळी चौकट! मी अलार्म बंद करायचं विसरून बघतच राहिले. मालक नानांचा फोन आला, "ताई, ह्या बठ्ठा चोर शेतस का?" एवढे सगळे चोर कुठून येणार!

शेवटी आमचे फिटर रफिकभाई गेले आणि सेन्सिटिव्हिटी कमी करून आले. हे त्यांचं नेहमीचंच काम.

*

रावेरकडच्या केळीच्या बागेत वारा सुटला की स्क्रीन चौकटींनी भरून जायची. रफिकभाई तिथंही निघाले, तर बागवाले आबा नको म्हणाले. वारा कधी आला, कुठून आला, हे घरबसल्या कळतंय म्हणे! आता रोज संध्याकाळी फोन करून आधी वाऱ्याची चौकशी करतात, मग आमची.

*

रफिकभाईंच्या अब्बांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. परत येईल की नाही, डॉक्टरही सांगेनात. रफिकभाईंनी घरच्या अंगणात त्यांच्या खाटेसमोर कॅमेरा लावला, त्याचं चित्र ऑफिसातल्या स्क्रीनवर घेतलं आणि सेन्सिटिव्हिटी फुल्ल ठेवली. कोंबडी हलली, चौकट. दोरीवरचा टॉवेल हलला, चौकट. अब्बांना मात्र नाही. बराच वेळ न हललेलं माणूस सॉफ्टवेअरला सामानच वाटतं.

आम्ही चिडवायचो, कोंबड्या राखताय काय भाई? ते हसायचे नाहीत. मग मलाच वाईट वाटलं, चेष्टा सोडून दिली.

परवा दुपारी अब्बांच्या मांडीपाशी बारीकशी चौकट उमटली आणि विझली. मी म्हटलं, माशी असेल. रफिकभाई खुर्ची ओढून जवळ आले. पुन्हा उमटली, उजव्या हाताच्या बोटांवर.

तेवढ्यात त्यांची थोरली बहीण चहा घेऊन खाटेकडे निघाली. तिची मोठी चौकट तिच्यासोबत सरकत होती. रफिकभाईंनी घाईघाईने फोन लावला.

"आपा, तिथंच थांब. जवळ गेलीस तर दोन्ही चौकटी एक होतील."

आपा कप धरून अंगणात उभी राहिली. जराही हलली नाही. हळूहळू तिची चौकट विझली. छोटी तेवढी राहिली.