पितळी फिल्टर

सकाळी फिल्टरमधून डिकॉक्शनचा, म्हणजे कॉफीच्या दाट अर्काचा, पहिला थेंब पडला, की मला अजूनही डिझेलचा वास येतो. नव्वदच्या दशकात वडील नोकरीला होते तो यशवंतपूरचा कारखाना बंद पडला आणि ते घरात नुसते बसून राहिले. ना धड बोलणं, ना हसणं. दारात त्यांची टर्बो डिझेल गाडी तेवढी होती. एकदा बॉनेट उघडून ते पुटपुटले, "इंजिनाच्या वाफेबरोबर तेल टर्बोत जातंय. मधे अडवायला एखादी टाकी पाहिजे." आई आत गेली आणि माहेरचा पितळी कॉफी फिल्टर घेऊन आली. "ह्यात जमेल का हो? वर छिद्रं आहेत, खाली साठतं." "अगं, आणि तुझी कॉफी?" "स्वल्प, थोडे दिवस चहा पिऊ." खरं तर कॉफी चुकली की तिचं डोकं दुखायचं. वडिलांनी फिल्टरला डाख देऊन दोन नळ्या जोडल्या, झाकण घट्ट बसवलं, तो बॉनेटखाली इंजिनाला लावला आणि जवळच्या येलहंक्यापर्यंत गाडी फिरवून आणली. उघडून पाहिलं तर तळाशी काळंभोर तेल. "अगं, बाहेर ये," ते ओरडले, "डिकॉक्शन उतरलं बघ!" आणि कितीतरी महिन्यांनी खदखदून हसले. आई दारातूनच म्हणाली, "थांबा, दूध तापवते." प्यायलो तो चहाच, पण माझ्या आजच्या कॉफीला त्याची सर नाही.