अकरा चकत्या

मुलांनो, तुमच्या आजीने कधी दृष्ट काढली नाही, मुहूर्त पाहिला नाही. मी नगरच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही. तरीही जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१९७३, दुष्काळाचा उन्हाळा. आम्ही भिंगारला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझा धाकटा भाऊ वसंता दूर पूर्वेकडे कोळशाच्या खाणीत होता. खोल खाणीत कधी कधी खडकामागे वायू कोंडलेला असतो. तिथे खणलं की दगड, कोळसा, वायू सगळं एकदम बाहेर फुटतं. पुढच्या भागात तसा धोका आहे का, हे माणसं आत जाण्याआधी ठरवणं — हे वसंताचं काम.

आदल्या दिवाळीत त्याने मला खडकाचा एक गोल दांडा आणून दिला. वीतभर लांब, करड्या रंगाचा, गुळगुळीत.

"ताई, हा नमुना. पोकळ ड्रिलने छिद्र पाडलं की असा निघतो. बघ, सलग आहे. म्हणजे आत जायला हरकत नाही."

"आणि हरकत असली तर?"

"तर चकत्या होऊन येतो. आतल्या दाबाने आपोआप तुटतो. चकत्या जितक्या पातळ, तितका धोका जास्त. मग कुणालाही आत सोडायचं नाही." आणि लगेच हसून म्हणाला, "पेपरवेट म्हणून ठेव. तुझ्या पोरींची स्पेलिंगं उडून जायची नाहीत."

तो माझ्या टेबलावरच असे.

मार्चमधला मंगळवार. दुपारी शाळेतून आले, कुलूप काढलं. टेबलावरचे पेपर जागच्या जागी होते. त्यांच्यावर तो दांडा — चकत्या झालेला. एकाला एक लागून, ओळीत. कण सांडला नव्हता. मी पट्टी आणून मोजलं. अकरा चकत्या, प्रत्येक साधारण बोटभर जाड, बशीसारखी किंचित खोलगट.

तेवढ्यात भामाबाई आली. ती पाथर्डीकडची, दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळच्या आत आमच्याकडे भांडी घासून जायची.

"वैनी, ह्ये कुनी केलं?"

"तूच सांग. उन्हाने तडकला असेल?"

तिने एक चकती उचलून कडेवर अंगठा फिरवला. "न्हाई. घन बसला की दगडाला मार दिसतो. ह्याला मारच न्हाई. ह्यो आतनं सुटलाय."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"दोन म्हैने झालं दगडासंगं संसार करतीया, वळख व्हायला नगं?" ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. "काय झालं वो, वैनी?"

मी तिला वसंताचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग बसलाय काय? कळवा की त्यास्नी."

मी पोस्टात गेले. तारेच्या फॉर्मवर लिहिलं — नमुना फुटला, आत जाऊ नकोस. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. तारमास्तरांची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिकडे खाणीच्या ऑफिसात तार मोठ्याने वाचली जाणार. बहिणीचा पेपरवेट फुटला म्हणून काम थांबवा!... मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तिथेच उभं राहून एक आंतरदेशीय पत्र लिहिलं. चकत्यांची संख्या, जाडी, आकार — सगळं व्यवस्थित, तक्ता करून. पत्राला पाच दिवस लागत. तार बुधवारी पोचली असती.

गुरुवारी सकाळच्या पाळीत खडक फुटला. वसंतासकट सात जण गेले.

तीन आठवड्यांनी त्याचे वरिष्ठ त्याची ट्रंक घेऊन आले. नागपूरकडचे होते, मराठी बोलत होते. मी त्यांना चहा दिला. विचारलं, शेवटच्या छिद्राचा नमुना कसा आला होता?

"सलग, ताई. मीच पाहिला. त्याच्याकडून चूक झाली नाही."

मग मी त्यांना चकत्या दाखवल्या आणि तारेचं सांगितलं. वाटलं होतं ते म्हणतील, तार आली असती तरी काय फरक पडणार होता. मला तेवढंच ऐकायचं होतं.

त्यांनी एक चकती उचलली, पुन्हा ओळीत ठेवली. म्हणाले, "मागच्या वर्षी एका मजुराच्या बायकोला स्वप्न पडलं. तिने निरोप धाडला, आज आत जाऊ नका. आम्ही सगळे हसलो. वसंताने आणखी एक छिद्र घ्यायला लावलं. त्याचा नियमच होता — कुणीही शंका काढली, कसलीही, तर आत जाण्याआधी आणखी एक छिद्र. कारण विचारायचा नाही तो."

"मग त्या छिद्रात काही निघालं होतं?"

"नाही, तेव्हा काही निघालं नाही. या वेळी तसा निरोप कुणाचाच आला नाही." चहा तसाच राहिला.

पुढे भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना चकत्या दाखवल्या. ते म्हणाले, असा खडक जमिनीतून काढतानाच तुटतो, पाच महिन्यांनी टेबलावर नाही. तो का तुटला, त्याच दिवशी का, हे मला आजही माहीत नाही.

तारेच्या खिडकीवरून मी मागे का फिरले, ते माहीत आहे. लोक हसतील असं वाटलं, म्हणून. तुमच्या आईलाही मी हे सांगितलेलं नाही.