कोटाचा निळा रंग

आमच्या काकांची कुणी स्तुती करायला लागलं की ते उठून पंखा जोरात लावतात, म्हणजे ऐकू येऊ नये. असा माणूस! जुने कृष्णधवल चित्रपट रंगीत करणं हा त्यांचा धंदा. एकेकाला दोन-तीन वर्षं लागतात. खरा रंग कळावा म्हणून नटीचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याचं घर शोधून तिथून चिंध्या आणतात. मनचं काही घालायचं नाही, हा त्यांचा बाणा.

तोच बाणा अंगाशी आला. गेल्या वर्षी त्यांनी एका गाजलेल्या चित्रपटाची रंगीत आवृत्ती पूर्ण केली आणि कॉपीराइटसाठी अर्ज भरला. निर्मात्याची अट होती, नोंदणी झाली तरच पडद्यावर काकांचं नाव येईल. चाळीस वर्षांत ते एकदाही आलं नव्हतं. अर्जात रकाना होता, या आवृत्तीत तुमचं नवं काय? काकांनी अभिमानाने लिहिलं, 'काही नाही. सगळं मुळाबरहुकूम.'

अर्ज परत आला. नवं काहीच नसेल तर नोंदणी कशाची करू, असं तपासनीस बाईंनी विचारलं होतं. त्यांचं बरोबरच होतं म्हणा. काकू दोन दिवस काकांशी बोलली नाही. मी म्हटलं, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात. तर म्हणे, खोटं कसं लिहू?

शेवटी त्यांना ओढतच कार्यालयात नेलं. बाईंच्या टेबलावर दोन पडदे होते, एकावर मूळ चित्रपट, दुसऱ्यावर काकांचा. चित्रपटाच्या शेवटी नायिका फलाटावर एकटी उभी असते, तिथे बाईंनी चित्र थांबवलं. तिचा कोट निळाच होता, याला पुरावा काय, असं विचारलं. काका ओशाळले. पुरावा मिळालाच नव्हता.

"मग निळा कुणी ठरवला?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

"मी," ते म्हणाले. "कुणी येणार नाही, हे तिला कळलंय. तरी तिला थांबायचंय. राखाडी घातला असता, तर ती घरी निघून गेली असती."

बाईंनी हेच रकान्यात लिहायला सांगितलं, आणि अशा आणखी जागा आठवायला. आठवता आठवता पुरवण्या जोडाव्या लागल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, काय सांगू.

महिन्याभराने प्रमाणपत्र आलं. वर काकांचं नाव, खाली 'रंगांची निवड'. काकूने चार वेळा वाचलं आणि रडायलाच लागली. काकांनी एकदाच वाचलं. निळा जरा गडद झाला, म्हणाले. मी कपाळावर हात मारला. पंखा लावायला मात्र ते उठले नाहीत.