नागपूर ते मुंबई, दीड तास

गच्चीवर कपडे काढताना विमान दिसलं की माझे हात थांबतात. नागपूरहून मुंबईला रेल्वेने अख्खी रात्र जाते. विमानाने दीडच तास लागतो, हे मला धाकट्या भावामुळे कळलं. अपघातानंतर डॉक्टरांनी त्याचा मेंदू मृत झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्याचं हृदय दान करायचं आईनेच ठरवलं. मुंबईत कुणीतरी त्या हृदयाची वाट बघत होतं.

आईने एवढंच विचारलं, "इतक्या दूर जाऊन चालेल ना जी ते?"

"चालेल, आई. दीड तासाचा तर प्रवास आहे," डॉक्टर म्हणाले.

विमानतळापर्यंतचा रस्ता पोलिसांनी मोकळा केला होता. रुग्णवाहिका गेली तेव्हा चौकातली माणसं गाड्यांवरून उतरून उभी राहिली. माझ्या भावासाठी सगळं शहर थांबलं होतं. आई रडत होती, पण तिची मान ताठ होती. दुसऱ्या दिवशी फोन आला, की हृदय छान चालतंय.

परवा नव्या शेजारणीने आईला विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"दोन," आई म्हणाली. "ही इथे असते. धाकटा मुंबईला."