पुलावरचा हात

बाबा रेल्वेत इंजिन चालवून रिटायर झालेले. ब्रिस्बेनला माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना रोज जुन्या रेल्वेपुलावर न्यायचे. रूळ काढून तिथे आता चालायला आणि सायकलींना रस्ता केलाय. समोरून सायकल आली की बाबा तिची चाकं निरखायचे आणि हात वर करायचे. शेजारून जाणाऱ्या गाडीची चाकं बघून तिच्या ड्रायव्हरला हात वर करून ‘सगळं ठीक’ सांगायची त्यांची नोकरीतली सवय. मी वैतागायचे, “बाबा, पुरे ना!” सायकलवाले मात्र हसून हात हलवायचे. बाबा खूश. “इथले ड्रायव्हर शिस्तीचे आहेत हं!”

बाबा परत गेले. परवा एकटीच पुलावर होते, तर समोरून येणाऱ्या सायकलवाल्या आजोबांनीच हात वर केला. मी आधी त्यांची दोन्ही चाकं नीट बघितली, मगच हात वर केला.