प्रणालीनं घडवलेल्या पावलावर हातोडा

मित्रांनो, माझा राग तुम्हाला माहीत आहे. सरांशी भांडून कॉलेज अर्धवट सोडणारा तोच मी. आज मात्र हातातला सगळा जोर गेला होता.

सेलूजवळच्या आमच्या वर्कशॉपात कुलरचे ट्रे दाबायचा गरम प्रेस आहे. दुपारी तिथं प्रणाली आली. कॉलेजातली माझी मैत्रीण. तिच्यावर माझा जीव आहे. ती फेसबुकवर नाही, म्हणून इथं लिहितोय.

कृत्रिम पायाला लावायचं कार्बन फायबरचं पाऊल ती दोन वर्षं घडवतेय. जुनं पाऊल साच्यात घट्ट व्हायला रात्र लागायची. आज तिची नवी, तापवली की मऊ होणारी कार्बन फायबरची शीट आमच्या प्रेसमध्ये दाबली आणि तीन मिनिटांत पाऊल तयार.

पाऊल किती मजबूत आहे ते बघायला तिनं माझ्या हातात हातोडा दिला. "हाण. तुह्यासारखा भडकूच पाहिजे होता मले."

मी दोनदा हाणला. पावलाला काही झालं नाही.

"काऊन लाडानं हाणून राह्यला? हे घालून कोणी वावरात चालन. तो पडला तर तू उचलाले जाशीन का?"

मग मी पुऱ्या ताकदीनं हाणला. टाचेपाशी बारीक तडा गेला.

प्रणाली त्यावरून अंगठा फिरवत राहिली. डोळे भरले होते तिचे. मग म्हणाली, "बरं झालं, इथंच समजलं. सोमवारी दुसरं बनवू. तूच हाणजो, अन् पहिल्यापासून जोरानं."

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता, तर तो तिसरा घाव घातला असता का?