उपरण्याखाली दिलेले गुण

दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मी वर्षाचा निकाल लावतो. नांदेडच्या आमच्या गच्चीवर उन्हाला बसतो आणि वर्षभर ऐकलेल्या अल्बमांतले तीन आवडते आणि एक नावडता फोनमध्ये बोलून मित्रांच्या ग्रुपवर पाठवतो. हा अधिकार मला कुणी दिलेला नाही. नाही दिला म्हणून सोडतो कोण?

गेल्या खेपेला पहिला नंबर धर्माबादकडच्या एका शिक्षिकाबाईंचा. जात्यावरच्या ओव्या, साथीला फक्त जात्याची घरघर. दुसरा दखनी कव्वाल्यांचा, तिसरा एका म्हाताऱ्या सनईवाल्याचा. इथवर माझा आवाज तुपासारखा. पण मंडळी ऐकतात ती शेवटच्या मिनिटासाठी. नावडता होता शिवभजनांचा, आठ गाण्यांचा, लातूरच्या कुणा हौशी गायकाचा. वर नंदीचं चित्र आणि नावाच्या जागी नुसतं ‘एक शिवभक्त’. प्रत्येक ओळीला इतका घुमारा, की मी जाहीर केलं, महादेव कैलास सोडून सध्या लातुरात एका विहिरीत मुक्कामाला आहेत.

मित्र हसले, त्यांनी पुढे पाठवलं, पुढच्यांनी आणखी पुढे. मी आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडलो.

संक्रांत झाली आणि लेकीने सांगितलं, विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला तिच्या वर्गात होता तो लातूरचा मुलगा तिला पसंत आहे, त्यांच्याकडून बोलावणं आलंय. मी पेढे आणायला उठलोच होतो.

“बाबा, बसा आधी,” ती म्हणाली. “त्याचे वडील मोंढ्यात धान्याचे आडते आहेत. गातात पण. तो नंदीवाला अल्बम त्यांचाच.”

मी बसलो.

लातूरच्या वाटेवर लोहा मागे पडेपर्यंत बायको मला पढवत होती. तोंड फक्त खायला उघडायचं. संगीत हा शब्द काढायचा नाही. लेक मागच्या सीटवर कानांत इअरफोन घालून बसली होती. तेच जास्त लागत होतं.

घर मोठं, माणसं अदबीची. होणारे व्याही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कपाळावर विभूती, खांद्यावर उपरणं. पोहे झाले, चुरमुऱ्यांची सुशीला झाली, मुलाच्या नोकरीचं झालं. मी मान डोलवत सुटत चाललो होतो. तेवढ्यात त्यांनी टीव्हीखालचा स्पीकर लावला. पहिल्याच सुराला विहीर उघडली.

आठही गाणी ऐकवली. मुलाची आई गाणं सोडून माझा चेहरा बघत होती. बायकोचा पाय माझ्या पायावर. लेक तर बशीतला एकच शेंगदाणा चमच्याने ढकलत बसलेली. मी भक्तिभावाने डोळे मिटले. नाटकात कामं केली होती ती आज उपयोगी पडत होती.

चौथ्या गाण्याला मात्र डोळे आपोआप उघडले. घुमारा नव्हता. नुसता माणसाचा आवाज, थोडा खरखरीत, दमलेला, समोर बसून गायल्यासारखा. हे गाणं मी डिसेंबरात ऐकलंच नव्हतं. तिसऱ्यालाच विनोद सुचला होता, आणि विनोद सुचल्यावर पुढचं ऐकत कोण बसतं?

स्पीकर बंद झाला. व्याही म्हणाले, नांदेडला तुमच्या कानाचं लई नाव हाय म्हणतात. दहापैकी किती?

मी गोड सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“तोंड लबाड बोलतं, पाहुणे. बोटाला ते जमत न्हाई.”

आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी आमच्या दोघांच्या उजव्या हातांवर टाकलं. जुन्या आडतीत भाव असाच व्हायचा. कापडाखाली एकाने दुसऱ्याची जितकी बोटं धरली तितका भाव. बघणाऱ्याला काही कळायचं नाही आणि भाव बाहेर सांगायचा नाही, हा धर्म.

त्यांचा पंजा माझ्या हातात. सगळा पंजा दोनदा दाबला की दहा, पोरीचं लग्न पक्कं, आणि हा माणूस मला आयुष्यभर लबाड म्हणून ओळखणार. मी त्यांची तीन बोटं धरली.

त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी सावकाश माझ्या मुठीतून एक बोट काढून घेतलं. दोन. स्वतःला दोन.

मी ते बोट परत ओढलं. त्यांनी सोडवलं. मी पुन्हा धरलं आणि घट्ट धरून ठेवलं. गाणाऱ्याचे गुण ऐकणाऱ्याने वाढवायचे, असा उलटा सौदा त्या उपरण्याने पाहिला नसेल.

शेवटी त्यांनी माझा हात दाबला आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. “पटलं. साखर आणा.” लेकीने तो शेंगदाणा अखेर खाल्ला.

हात धुवायला गेलो तेव्हा ते मागे टॉवेल घेऊन उभे.

“इहिरीचं तुमीच बोल्ला व्हता न्हवं? आमच्या हमालांना पाठ हाय.”

मी हो म्हणालो आणि माफी मागितली, पूर्ण न ऐकता बोललो त्याची. मग विचारलं, चौथं असं वेगळं कसं?

त्या दिवशी घुमारा भरणारा रेकॉर्डिंगवाला उदगीरला गेलेला, ते म्हणाले. त्याच्या बायकोने नुसतं बटण दाबलं.

लग्न वैशाखात झालं. घरात अजून सगळे विचारतात, किती दिले होते? मी सांगत नाही, व्याहीही सांगत नाहीत. त्यांचं नवं रेकॉर्डिंग चालू आहे. मी एवढंच सुचवलंय की बटण त्या बाईंनाच दाबू द्या.